दोन इंचांचा प्रश्न

मोटारगाडीचा ताबा मिळण्यापूर्वीच तिच्यात कोणकोणते फेरफार करावयाचे याची यादी ज्यांच्या मनात तयार असते, अशा हौशी मंडळींचा एक वर्ग गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात चांगलाच वाढीस लागला आहे. आणि दाराशी थार, गुरखा किंवा जिम्नी उभी असो की लिलावात घेतलेली एखादी जुनी जिप्सी असो, या मंडळींच्या विचारांचा ओघ बहुधा एकाच वस्तूपाशी, म्हणजे गाडीला दोन, तीन वा चार इंच वर उचलणाऱ्या लिफ्ट किटपाशी, येऊन थांबतो. बाजारात या किटांचे प्रकार इतके, त्यांच्या किमतींतील तफावत इतकी आणि त्यांविषयी छातीठोकपणे दिले जाणारे सल्ले इतके परस्परविरोधी, की एखाद्या जिज्ञासूने गोंधळून जावे यात नवल नाही. दुकानात पाऊल टाकताच विक्रेता पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती इंच?’ असा. प्रस्तुत लेखकाचे मत असे की हा प्रश्न वस्तुतः सर्वांत शेवटचा आहे. किंबहुना गाडीवर कायमचे ओझे किती आणि तिला टायर कोणता, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी नीट मिळाली, तर उंचीचा आकडा त्या हिशेबातून शिल्लक म्हणून आपोआप हाती येतो.

उंची वाढवून नेमके काय वाढते, याबद्दलच मुळात मोठा गैरसमज आहे. ज्यांच्या डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध एक्सल असतो, अशा जिप्सी किंवा जिम्नी या गाड्यांत जमिनीच्या सर्वांत जवळ असणारा भाग म्हणजे त्या एक्सलच्या पोटातील डिफरन्शियलचा फुगीर गोळा. हा गोळा स्प्रिंगांच्या खाली, थेट चाकांच्या आसावर बसविलेला असल्यामुळे स्प्रिंगांची उंची कितीही वाढविली तरी तो पूर्वी होता तेथेच राहतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या येण्याजाण्याने खोल चाकोऱ्या पडलेल्या एखाद्या शेतरस्त्यावर गाडी घातली, की मधला मातीचा उंचवटा प्रथम खरवडतो तो हाच गोळा, आणि चार इंच लिफ्ट केलेली गाडी त्या उंचवट्यावर अडकते ती अगदी त्याच जागी, जेथे कारखान्यातून आलेली गाडी अडकली असती. गोळा वर न्यावयाचा तर उपाय एकच, आणि तो म्हणजे मोठ्या व्यासाचा टायर; त्यातही व्यासाच्या वाढीच्या निम्मीच उंची पदरात पडते. २०२० च्या थारला मिळणारा २५५/६५ आर १८ हा टायर सुमारे ७८९ मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याऐवजी २८५/६५ आर १८ घातला तर व्यास ८२८ च्या घरात जातो, म्हणजे ३९ मिलिमीटरांची भर पडते आणि मागचा गोळा त्यापैकी साडेएकोणीस मिलिमीटरच वर सरकतो. एवढ्याशा लाभासाठी लोक केवढा खटाटोप करतात, असे कोणी म्हणेल. परंतु खडकाच्या कंगोऱ्यावर अडणे आणि निसटणे यांत अनेकदा एवढेच अंतर असते.

मग लिफ्टने लाभ होतो तो कशाचा? तो होतो चासीच्या आणि बॉडीच्या उंचीचा, आणि त्यायोगे तीन कोनांचा. चढाच्या पायथ्याशी नाक न आपटता चढता येईल तो पुढचा कोन, उताराच्या शेवटी शेपूट न घासता बाहेर पडता येईल तो मागचा कोन, आणि बांधावरून पलीकडे जाताना पोट टेकणार नाही तो मधला कोन. यांपैकी मधला कोन हा दोन एक्सलांमधील अंतरावर फार अवलंबून असतो, आणि जिम्नीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे: परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर आणि मधला कोन २८ अंशांचा, तर २०२३ साली भारतात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर आणि तोच कोन २४ अंशांचा. जमिनीपासूनचे अंतर मात्र तेच २१० मिलिमीटर. केवळ लांबी वाढल्याने चार अंश गेले. पाच दारांच्या गाडीच्या मालकाला माफक लिफ्टची निकड अधिक भासावी, यात म्हणूनच काही वावगे नाही. उलट ज्या थारचे जमिनीपासूनचे अंतर मुळातच २२६ मिलिमीटर आहे आणि जी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्यास समर्थ असल्याचे कारखानदार सांगतो, तिच्या मालकाने लिफ्टची घाई करण्यापूर्वी दोन पावसाळे थांबून पाहावे, असे म्हणण्यास जागा आहे.

आपल्याकडे लिफ्टची कला प्रथम रुजली ती पाट्यांच्या गाड्यांवर. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली तेव्हापासून पुढे कित्येक दशके या देशातील खडतर वाटेवरची गाडी म्हणजे चारही चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा असलेली गाडी असेच समीकरण होते; १९८५ साली आलेली मारुती जिप्सीही त्याच कुळातील. महामार्गालगतच्या पाटेवाल्यांना ट्रकांचे पाटे उतरविण्याचा, बदलण्याचा आणि त्यांना पुन्हा बाक देण्याचा पिढीजात सराव असल्यामुळे जीपचा मालक साहजिकच त्यांच्याकडे जाई, आणि मिस्त्री मेन पाट्याखाली एक जादा पाटा सारून वा असलेल्या पाट्यांना घणाखाली अधिक कमान चढवून गाडी दीड-दोन इंच उंच करून देई. हे काम स्वस्त असते आणि पहिल्या महिन्यात दृष्ट लागण्याजोगे दिसते. परंतु थंड पाट्याला घणाने दिलेला बाक फार काळ टिकत नाही, गाडी हळूहळू पूर्ववत बसते आणि तीही बहुधा एका अंगाला अधिक. शिवाय जादा पाट्याने स्प्रिंग ताठ होऊन चाकाची खालीवर होण्याची क्षमताच घटते. म्हणजे उंची वाढली आणि जिच्यासाठी ती हवी होती ती चाल बिघडली.

जिप्सीवर होणारा खरा मूलगामी फेरफार निराळाच. या गाडीत पाटे एक्सलच्या खालून जातात. ते सोडवून, एक्सलवर नव्या बैठका वेल्ड करून, पाटे एक्सलच्या वरून नेले की एक्सलची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी एवढी मिळून गाडी एका दमात सुमारे पाच इंच वर जाते. पाटे मूळचेच राहिल्यामुळे त्यांचा मऊपणा टिकतो, यू-बोल्टांच्या खालच्या पट्ट्या दगडांवर आपटण्याचे थांबते, आणि खर्चही परदेशी किटच्या मानाने किरकोळ येतो. स्पर्धेच्या जिप्सी या रीतीने उभारण्याचा प्रघात पडला तो याच कारणांनी. पण या व्यवहाराची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. पाट्यांच्या वर बसलेला एक्सल आणि खाली लोंबणारा एक्सल यांवर इंजिनाच्या ओढीचा परिणाम सारखा होत नाही. लो गिअरमध्ये जोर देताच एक्सल पाट्यांना इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे मुरडून स्वतःभोवती फिरू पाहतो, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तुटतात, आणि ते टाळण्यासाठी निराळा ट्रॅक्शन बार बसवावा लागतो. स्टिअरिंगची दांडी इतकी तिरपी होते की चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंग हातात आपोआप फिरते. बैठकांचे वेल्डिंग कच्चे राहिले तर काय होईल, याचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. हे काम ज्याने आधी केले आहे आणि ज्याच्या हातच्या गाड्या काही वर्षे चालल्या आहेत अशाच कारागिराकडून ते करून घ्यावे. आणि ज्याला त्याच गाडीने सोमवारी कचेरीत जावयाचे आहे त्याने ते मुळीच करू नये.

स्वस्त मार्गांपैकी इतरांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. चासी आणि बॉडी यांच्या मधल्या रबरांऐवजी नायलॉनचे वा ॲल्युमिनियमचे ठोकळे घालून केवळ बॉडी उचलणे, हा प्रकार मोठ्या टायराला जागा करून देतो आणि स्प्रिंगांच्या भूमितीला हात लावीत नाही, एवढी त्याची जमेची बाजू. चासी, टाकी व गिअरबॉक्स होते तेथेच राहतात, म्हणून पोट घासावयाचे तसे घासतेच. पाट्याच्या टोकाची लांब शॅकल बसविली तर तिच्या जादा लांबीच्या निम्मी उंची मिळते आणि एक्सल आपल्या आसाभोवती किंचित फिरून स्टिअरिंगचा कोन बिघडवितो. २०१० च्या थारसारख्या गाडीत पुढे टॉर्शन बार असतो. त्याचा बोल्ट आवळून पुढची बाजू वर करणे हे पाच मिनिटांचे काम असल्यामुळे ते हातोहात केले जाते, आणि पाच मिनिटांच्या कामाला साजेल असेच त्याचे फळ मिळते.

कॉइल स्प्रिंगवर वा शॉकअपच्या माथ्यावर बसणारे स्पेसर मात्र जरा सविस्तर पाहिले पाहिजेत, कारण आज सर्वांत अधिक खप त्यांचाच आहे. २०२० नंतरच्या थारमध्ये पुढची दोन चाके स्वतंत्रपणे हलतात; प्रत्येक चाकाला वर-खाली जाण्यासाठी ठराविक जागा असते आणि ती जागा वरच्या व खालच्या आर्मच्या लांबीने कायमची बांधून दिलेली असते. समजा, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाकाला खाली लोंबण्यास ८० मिलिमीटर वाव आहे. ५० मिलिमीटरांचा स्पेसर घातला की गाडी ५० ने वर जाते खरी, पण ती उंची त्या ८० मधूनच खर्ची पडते. आता चाकाला खाली जाण्यास उरतात केवळ ३०. परिणाम असा की जेथे पूर्वी चाक खड्ड्यात उतरून जमिनीला धरून राहत असे, तेथे ते अधांतरी लटकते आणि लोंबकळत्या चाकाला ओढ नसते. शॉकअप पूर्ण ताणला जाऊन प्रत्येक गतिरोधकानंतर ‘टक्’ असा आवाज येतो. आणि पुढच्या एक्सलचे सीव्ही जॉइंट अशा तिरप्या कोनात फिरू लागतात की त्यांची रबरी बुटे फाटून आत चिखल शिरण्यास एक पावसाळा पुरतो. या गाड्यांत पुढचा डिफरन्शियल चासीला टांगलेला असल्याने तो लिफ्टबरोबर वर जातो, हा लाभ मान्य. पण मागचा गोळा एक्सलमध्येच आहे, हे विसरून चालत नाही. स्वतंत्र चाकांच्या गाडीला ४० ते ५० मिलिमीटरांच्या पलीकडे न्यावयाचे असेल तर वरचे आर्म बदलणे व डिफरन्शियल खाली सरकविणे या गोष्टी ओघाने आल्या, आणि डिफरन्शियल खाली सरकविला की त्याची जी उंची वाढली होती तिच्यावरही पाणी सोडावे लागते.

आता ओझ्याकडे वळू. स्प्रिंगची निवड ही उंचीच्या नव्हे, वजनाच्या हिशेबाने करावयाची असते, ही गोष्ट ऑस्ट्रेलियातील उत्पादकांनी फार पूर्वी ओळखली. तिकडच्या एआरबी कंपनीचा ‘ओल्ड मॅन एमू’ हा संच किंवा तत्सम इतर संच घ्यावयास गेले तर एकाच गाडीसाठी एकाच उंचीच्या अनेक स्प्रिंगा उपलब्ध असतात आणि त्यांतील भेद हा पुढे विंच आहे की नाही, मागे सामान कायमचे आहे की प्रासंगिक, एवढ्यावरच केलेला असतो. आपल्याकडील खरेदीदार याच्या नेमका उलट वागतो: रिकाम्या गाडीला भारी स्प्रिंग घालतो, गाडी अपेक्षेहून इंचभर जास्त उंच बसलेली पाहून हरखतो, आणि मग पाठीचा मणका ढिला होईपर्यंत तिच्यातून हिंडतो. हिशेब अवघड नाही. पुढच्या दोन स्प्रिंगांचा ताठपणा चाकाच्या ठिकाणी प्रत्येकी मिलिमीटरला ४ किलो धरला, तर एक्सलच्या अगदी वर ठेवलेले ८० किलो वजन गाडीचे नाक १० मिलिमीटर खाली बसविते. तेच वजन विंचच्या रूपाने एक्सलच्या पुढे, बंपरवर टांगले तर तरफेच्या नियमाने त्याहून अधिक. तेव्हा स्प्रिंग घेण्यापूर्वी गाडी तिच्या नेहमीच्या सामानासुमानासह, टाकी भरून, उसाच्या वा वाळूच्या गाड्या मोजणाऱ्या वजनकाट्यावर न्यावी, आधी फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके काट्यावर घेऊन दोन स्वतंत्र पावत्या कराव्या, आणि त्या पावत्या विक्रेत्यापुढे ठेवाव्या. जो विक्रेता त्या पावत्यांकडे न पाहता किटची शिफारस करील, त्याचे दुकान सोडून पुढच्या दुकानी जाणे श्रेयस्कर.

शॉकअपच्या बाबतीत जाहिरातींचा कोलाहल सर्वांत मोठा आहे आणि तथ्य त्या मानाने थोडे. शॉकअपचे काम गाडीचे वजन तोलण्याचे नाही, ते स्प्रिंगचे. शॉकअप स्प्रिंगच्या हेलकाव्याला लगाम घालतो, आणि तसे करताना हालचालीचे रूपांतर उष्णतेत करतो. म्हणून खरा प्रश्न असतो तो ही उष्णता बाहेर कशी टाकली जाते याचा. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला तरी आतला दट्ट्या चालू राहतो. एका नळीचा, बिल्स्टीनच्या धर्तीचा शॉकअप थंड राहतो पण पोच्याला हळवा असतो. वेगळ्या टाकीचे महागडे शॉकअप लडाखातील वा कच्छातील शेकडो किलोमीटरांच्या खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास वेगाने धावणाऱ्याला उपयोगी. सह्याद्रीत जेथे ताशी दहा किलोमीटर हा वेग मानला जातो, तेथे त्या टाक्यांचा उपयोग मुख्यतः छायाचित्रांपुरता. लांबी मात्र दुर्लक्षून चालत नाही. वाढीव उंचीला जुन्याच लांबीचा शॉकअप ठेवला तर चाक लोंबू शकत नाही. लांब शॉकअप घातला आणि बंपस्टॉप तेवढेच ठेवले तर चाक वर दाबले जाताच दट्ट्या तळाला आदळून शॉकअप फुटतो. ही जोडी एकत्र विकत घ्यावी, हे किटच्या बाजूने दिले जाणारे सर्वांत प्रामाणिक कारण होय.

यानंतर भूमितीचा भाग येतो, आणि चांगले किट व वाईट किट यांतील खरा भेद येथेच प्रकट होतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा किंचित तिरका असतो आणि त्यामुळेच हात सोडले तरी चाक सरळ राहते, तसाच एक तिरकेपणा मोटारीच्या पुढच्या चाकांनाही दिलेला असतो; त्यास कॅस्टर म्हणतात. जिम्नीचा पुढचा एक्सल दोन लांब आर्मांनी मागे चासीला जोडलेला असल्यामुळे गाडी वर उचलली की त्या आर्मांची चासीकडील टोके वर जातात, एक्सल पुढच्या अंगाला कलतो आणि कॅस्टर घटतो. वळण घेऊन झाल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येईनासे होते, हमरस्त्यावर गाडी भरकटू लागते, आणि क्वचित एका विशिष्ट वेगाला पुढची चाके अशी थरथरू लागतात की चालकाला देव आठवावा. त्यावरचा उपाय म्हणजे छिद्र मध्यापासून सरकविलेले बुश किंवा वाकविलेले आर्म; ते ज्या किटमध्ये नाहीत ते किट जिम्नीसाठी अपुरे समजावे.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. एक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून त्याचे एक टोक चासीला जोडणारी ही आडवी दांडी लिफ्टमुळे तिरपी होते आणि एक्सलला एका बाजूस ओढून घेते. दांडी ८५० मिलिमीटर लांब आणि तिच्या दोन टोकांत मूळचा ५० मिलिमीटरांचा चढउतार आहे असे धरले, तर ५० मिलिमीटर लिफ्टने एक्सल सुमारे साडेचार मिलिमीटर सरकतो. पण १०० मिलिमीटर लिफ्टने तो नऊ नव्हे, जवळजवळ बारा मिलिमीटर सरकतो. उंची दुप्पट, दोष जवळजवळ तिप्पट. लिफ्टचे बहुतेक सर्व दोष याच रीतीने वाढतात, आणि म्हणूनच दोन इंचांपर्यंत ज्या गोष्टी दुर्लक्ष करण्याजोग्या असतात त्याच चार इंचांना असह्य होतात. थार रॉक्सच्या मागच्या एक्सलला पॅनहार्डऐवजी वॅट जोडणी दिलेली असल्याने तेथे ही अडचण उद्भवत नाही. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन हीही तशीच बाब: आखूड गाडीत तो चटकन तीव्र होतो आणि विशिष्ट वेगाला जमिनीतून कंप आल्यासारखा वाटू लागतो. ब्रेकची रबरी नळी तर प्रत्येकाने स्वतः पाहावी. जॅकने चासीचा एक कोपरा चाक पूर्ण लटकेपर्यंत उचलावा, वाकून ती नळी बोटांनी चाचपावी, आणि ती सतारीच्या तारेसारखी ताठ लागली तर गाडी गॅरेजबाहेर काढू नये.

टायराचा विचार वर आलाच आहे; त्यात एवढीच भर घालावयाची की व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवितो, गिअर तेवढेच उंच होतात आणि ब्रेकला तेवढे अधिक कष्ट पडतात. चिखलात व काळ्या मातीत गाडी काढते ती टायरची नक्षी, हवेचा कमी केलेला दाब आणि डिफरन्शियल लॉक. गुरखाला पुढे व मागे दोन्हीकडे यांत्रिक लॉक कारखान्यातूनच मिळतो, आणि पुण्यातील कंपनीची ही गाडी आपल्या मूळ उंचीवर जेथून निघून जाते तेथे लॉक नसलेली, चार इंच उचललेली गाडी चाके फिरवीत उभी राहते, हे दृश्य पावसाळ्यात मावळात पाहावयास मिळते. लिफ्टवर खर्च करावयाचा पैसा प्रथम टायरांवर, दोर-शॅकल अशा सुटकेच्या साहित्यावर आणि हवा भरण्याच्या पंपावर खर्चावा, या मताला निदान या लेखकाला तरी सबळ प्रतिवाद अद्याप आढळलेला नाही.

उंचीची किंमत स्थैर्याने मोजावी लागते. चाकांमधील रुंदी १५२० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७६० मिलिमीटर उंच असा हिशेब धरला तर गाडी तत्त्वतः ४५ अंश कलेपर्यंत उलटत नाही; ७५ मिलिमीटर लिफ्टने एक्सल व चाके जागीच राहत असल्याने गुरुत्वमध्य समजा ६० मिलिमीटर वर गेला, तर ती मर्यादा पावणेत्रेचाळीस अंशांवर येते. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात कलत्या बाजूच्या स्प्रिंगा व टायर दबून खरी मर्यादा त्याहून बरीच खाली असते, टपावरच्या कॅरिअरवरील सामान ती आणखी खाली आणते, आणि नव्या गाड्यांतील उलटणे रोखणारी विद्युत-योजना कारखान्याच्या उंचीवर बेतलेली असल्यामुळे तिचे गणित चुकू लागते. ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर, ओल्या रस्त्यावर, कुटुंबासह, हा विचार डोंगरातल्या चिखलापेक्षा अधिक महत्त्वाचा.

कायद्याची बाब पुष्कळांना नकोशी वाटते, म्हणून ती स्पष्टपणे मांडणे अवश्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी-दाखल्यातील तपशील कारखानदाराने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मालकास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. आणि त्याच वर्षीच्या सुधारणेने दाखल झालेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. हौशी मंडळींचा युक्तिवाद असा की दाखल्यात व्हीलबेस, रिकामे वजन, रंग, इंधन यांची नोंद असते, जमिनीपासूनच्या अंतराची नसते. सबब माफक लिफ्टने दाखल्यातील कोणताही मजकूर खोटा ठरत नाही. हा युक्तिवाद चतुर आहे, पण रस्त्यात थांबविणाऱ्या अधिकाऱ्यापुढे किंवा अपघातानंतर विमा कंपनीच्या पाहणीदारापुढे तो कितपत टिकेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय भारी स्प्रिंगांचे समर्थन ज्या लोखंडी बुलबारच्या वजनाने केले जाते, तो बुलबारच केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पाठविलेल्या पत्रान्वये नियमबाह्य ठरला आहे. ऑस्ट्रेलियातील राज्यांप्रमाणे इतक्या मिलिमीटरपर्यंत मुभा, त्यापुढे अभियंत्याचा दाखला, अशी स्वच्छ व्यवस्था आपल्याकडे असती तर निम्मे प्रश्न मिटले असते. तशी ती होईपर्यंत फेरफार जितका लहान आणि परत पूर्ववत करता येण्याजोगा, तितका बरा. विमा कंपनीला लेखी कळविणे हे तर कर्तव्यच.

राहता राहिला प्रश्न वापराचा. मलेशियात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात भरू लागली आणि तेथील गाड्यांची छायाचित्रे पाहून अनेकांच्या मनात चार-पाच इंचांची स्वप्ने उगवली. पण त्या गाड्या स्पर्धेसाठी उभारलेल्या असतात; त्यांतील पुष्कळशा ट्रकवर चढवून स्पर्धेच्या जागी आणल्या जातात, त्यांना बालक बसवून शाळेत सोडावयाचे नसते. सामान्य हौशी मालकाची वाट असते ती धनगरवाड्याकडे जाणारी, ओढा ओलांडून धरणाच्या कडेकडेने फिरणारी, क्वचित कोकणातल्या जांभ्याच्या सड्यापर्यंत पोहोचणारी. जांभ्याचा सडा हा गाडी घालण्याचे ठिकाण मुळीच नव्हे, हे येथे जाता जाता नमूद करतो. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या कासच्या पठारावरची रानफुले जशी इंचभर मातीच्या थरावर जगतात तशीच इतर सड्यांवरचीही, आणि उंच गाडीने आलेला आत्मविश्वास नेमका अशाच जागी माणसाला नेतो. अशा नेमस्त वापराला ४० ते ५० मिलिमीटरांचा, स्प्रिंग व शॉकअप एकाच उत्पादकाचे असलेला, कॅस्टरची दुरुस्ती बरोबर देणारा संच पुरेसा होतो, आणि ज्याच्या गाडीवर कायमचे ओझे नाही त्याला तोही बहुधा लागत नाही.

बसविण्याच्या कामाविषयी दोन शब्द. फेरफारापूर्वी अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद जपून ठेवावा, म्हणजे नंतरच्या कागदाशी त्याची रुजवात घालता येते. आर्मचे बुश गाडी जॅकवर लोंबत असताना आवळू नयेत. चाके जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचा आवळ द्यावा, नाहीतर रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहून काही महिन्यांत फाटते. घाईच्या गॅरेजात ही चूक सर्रास होते, म्हणून मालकाने त्या वेळी तेथे हजर असावे. हेडलाइटचा झोत वर गेलेला असतो, तो त्याच दिवशी खाली करून घ्यावा, कारण घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाच्या डोळ्यांत तो सरळ जातो. पाट्यांच्या गाडीचे यू-बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क पाना लावून पुन्हा आवळावेत. आणि काढलेले मूळ स्प्रिंग, शॉकअप व बोल्ट भंगारात न देता तेल लावून, पोत्यात बांधून, घरी आणावेत. गाडी विकताना, नूतनीकरणाच्या तपासणीला नेताना, किंवा दोन पावसाळ्यांनंतर पूर्वीचीच चाल बरी होती असे वाटू लागले तर, ते हाताशी असावेत.